विद्यावेतन, संशोधन आणि आपली मुले

स्मरणिकेसाठी चार शब्द लिहावेत, अशी संपादक मंडळाची आज्ञा झाली. प्रस्तुत लेखक जामबागेतील विवेकवर्धिनीत मॅट्रिकपर्यंत शिकलेला, धान्याचा घाऊक व्यापारी. शास्त्रीय विषयावर लिहिण्याचा त्याला अधिकार नाही. तथापि ज्या प्रश्नाने गतवर्षी आमच्या घरात दोन तट पडले, तो उद्या पुष्कळ सभासदांच्या दारी येणार आहे. म्हणून हे धाडस.

माझी पुतणी जीवरसायनशास्त्रात एम.एस्सी. झाली आणि सीएसआयआर-यूजीसीच्या परीक्षेत कनिष्ठ संशोधकाच्या विद्यावेतनास पात्र ठरली. हृदयविकार व मधुमेह यांवर पीएच.डी. करावी, ही तिची इच्छा. तिचे वडील म्हणाले, "दादा, आणखी पाच वर्षे शिक्षणच? मग मिळकत केव्हा आणि लग्न केव्हा?" व्यापाऱ्याच्या घरात हा प्रश्न गैर नाही, मात्र हिशेब पुरता मांडला पाहिजे.

१ जानेवारी २०२३ पासून हे विद्यावेतन पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये व त्यापुढे ४२,००० रुपये ठरविण्यात आले. घरभाडे भत्ता निराळा. अर्थात मुलगी वडिलांच्या गादीवर भार होत नाही. देशच तिला कामाचे वेतन देतो.

आता जमेची बाजू पाहू. आमचे तीर्थरूप बावन्नाव्या वर्षी दुकानातच छातीत कळ येऊन गेले. मला स्वतःला पंधरा वर्षे मधुमेह आहे. ही एका घराची कथा नव्हे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १० कोटी १० लक्ष मधुमेही आहेत. आपल्याकडे अंगाने सडपातळ माणसालाही हा रोग का जडतो? पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून जवळच्या खेड्यांतील गरोदर माता व त्यांची मुले यांचा अभ्यास चालविला. तेथील नवजात बालकाचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तर इंग्लंडमधील बालकाचे ३.५ किलो, तरीही वजनाच्या मानाने आपल्या बालकाच्या अंगी चरबी अधिक आढळली. रोगाचे बीज जन्मापूर्वीच पडते, असा विचार त्यातून पुढे आला.

आपल्या हैदराबादेतही हे कार्य चालते. तार्नाक्याची राष्ट्रीय पोषण संस्था १९१८ साली कुन्नूर येथे बेरीबेरीच्या चौकशीतून जन्मली व १९५८ साली येथे आली. अति सडलेला तांदूळ हेच त्या रोगाचे मोठे कारण. तेव्हा धान्यव्यापाऱ्याचा या विद्येशी संबंध जुनाच आहे. हबसीगुड्याच्या सीसीएमबीतील डॉ. थंगराज व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली दाखविले की, हृदयाच्या स्नायूतील एका प्रथिनाच्या जनुकातील त्रुटी या उपखंडातील शंभरांपैकी सुमारे चौघांत असते आणि उतारवयात ती हृदय दुबळे करू शकते.

घरातील दुसरी शंका अधिक गंभीर होती. आमच्या सौभाग्यवतींनी विचारले, "अगं, तिथे उंदरांवर प्रयोग करतात ना?" अहिंसा मानणाऱ्या घरात हा प्रश्न टाळता येत नाही. पुतणी म्हणाली, "काकू, काही ठिकाणी करतात, हे खरे. पण रक्ताचे नमुने, गावोगावची पाहणी, संगणकावरील गणित अशीही कामे असतात. मी तसाच विषय मागेन." माल उचलण्यापूर्वी आपण नमुना पाहतो, त्याप्रमाणे मार्गदर्शकांना हे आधीच स्पष्ट विचारून घ्यावे.

एक व्यवहारी अडचण मात्र खरी आहे. एका परिचिताच्या मुलास चार महिने विद्यावेतन मिळाले नाही. खोलीचे भाडे थकले आणि मुलगा काम सोडून घरी परतला. पैसा बुडाला नव्हता, केवळ उशिरा आला. परंतु तेवढ्याने एक संशोधक गेला. उधारी थकली म्हणजे काय होते, हे व्यापाऱ्याला कोणी शिकवावे? म्हणून माझी सूचना अशी की, संघाच्या शिक्षणनिधीतून अशा विद्यार्थ्यांस बिनव्याजी उचल द्यावी व विद्यावेतन हाती येताच ती परत घ्यावी. निधी घटणार नाही आणि मूल अर्ध्या वाटेवरून परतणार नाही.

औषधदान व ज्ञानदान यांसाठी आपण वर्गणी काढतो, पाट्या लावतो. येथे तर दोन्ही दाने एकाच कार्यात साधतात. अखेर बंधूंनी होकार दिला; पुतणी रुजू झाली आहे. आपल्या घरी असा प्रसंग आला, तर "पुरे झाले शिक्षण" हे शब्द उच्चारण्यापूर्वी सभासदांनी हा हिशेब एकवार पडताळून पाहावा, ही नम्र विनंती.