‘ओरिजिनल’च्या नावानं चांगभलं

रिसोड-वाशीमकडच्या कुठल्याही ट्रॅक्टर पार्टच्या दुकानात जा आणि वॉटर पंप मागा. दुकानदार आधी विचारेल, “कंपनीचा देऊ का लोकल?” ओळखीचा असेल तर तिसरा पर्यायही सांगेल: जुन्या ट्रॅक्टरचा काढलेला. तिघांचे भाव वेगळे, भरवसा वेगळा. लोकल घेणाऱ्याला लाज वाटत नाही आणि लोकल देणारा तो कंपनीचा म्हणून खपवत असेल, तर दुसऱ्या दिवशी गावभर बोभाटा होतो.

मी रिठदचा. कोड लिहून पोट भरतो आणि उरलेल्या पैशांतून जुन्या खेळण्यातल्या आगगाड्या जमवतो. चावीच्या, पत्र्याच्या, काही विजेच्या. या छंदातली माणसं शिकलेली असतात, एका इंजिनासाठी वीस-पंचवीस हजार सहज मोजतात. पण आमच्या पार्टवाल्याला जे कळतं ते इथे कुणाला कळून घ्यायचं नसतं. इथे एकच शब्द चालतो: ‘ओरिजिनल’. विकणारा तो छातीठोकपणे म्हणतो, घेणारा भक्तिभावानं ऐकतो आणि त्याचा अर्थ काय, हे दोघंही विचारत नाहीत.

माझं म्हणणं सरळ आहे. हा शब्द आज काहीच सांगत नाही, उलट लपवतो. आणि त्याच्या नादात आपल्याकडच्या खेळण्यांचा खरा इतिहास आपणच पुसून टाकतो आहोत.

‘ओरिजिनल’ म्हणताना चार वेगळे प्रश्न एकाच गाठोड्यात बांधले जातात. हा भाग त्याच कारखान्यात बनला का? त्याच मॉडेलचा, त्याच काळातला आहे का? याच गाडीवर पहिल्या दिवसापासून आहे का? आणि त्यावरचा रंग, छपाई, लेबल कुणी हात न लावलेलं आहे का? दोन फुटक्या हॉर्नबी इंजिनांतून एक धड इंजिन केलं, तर पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं ‘हो’ येतात आणि तिसऱ्याचं ‘नाही’. विकणारा पहिल्या ‘हो’वर थांबतो. घेणाऱ्याला वाटतं, चारही ‘हो’ मिळाले.

गंमत म्हणजे ज्या कारखान्यांच्या नावानं ही शुद्धता मिरवली जाते, त्यांना स्वतःला ती माहीत नव्हती. लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबीनं १९२० साली पहिली चावीची गाडी बाजारात आणली, ती मेकॅनोसारखी नट-बोल्टनं जोडलेली होती. पोरानं ती उघडावी, पुन्हा जोडावी, मोडलेला भाग नवा आणून बसवावा, अशीच ती बनवली होती. अमेरिकेत लायोनेल कंपनीची अधिकृत दुरुस्ती केंद्रं होती. १९५० साली तिथे कुणी चाक बदलून घेतलं असेल, तर ते चाक ओरिजिनल की बदललेलं? चाक कंपनीचं, काळ तोच, पण गाडीबरोबर आलेलं नाही. एका शब्दात उत्तर देणारा माणूस एक तर अडाणी आहे किंवा त्याला ती गाडी विकायची आहे.

यावर काही जण लगेच तत्त्वज्ञान काढतात. थीसियसच्या जहाजाची प्रत्येक फळी बदलली तर जहाज तेच का, वगैरे. मग खांदे उडवून म्हणतात, शेवटी काहीच ओरिजिनल नसतं. ही पळवाट आहे. जहाज तेच की दुसरं, याचा निकाल कधी लागायचा तो लागो. कुठली फळी कधी बदलली, एवढं लिहून ठेवायला तत्त्वज्ञान लागत नाही, वही लागते.

आणि बरंचसं डोळ्यांना दिसतंही. पत्र्याच्या गाड्यांचे भाग बारीक जिभल्या खाचेत घालून, वाकवून बसवलेले असतात. एकदा वाकवलेली जिभली उघडून पुन्हा वाकवली की घडीवर रंग उडतो, बारीक चीर पडते. १९२०च्या दशकातल्या गाडीवर फुलीचा स्क्रू दिसला, तर तो नंतरचा. फिलिप्सचे ते स्क्रू १९३०च्या दशकाच्या मध्यानंतरचे. झीज एकमेकांशी जुळते का, ते पाहा. खालचा सांगाडा गंजलेला, आस झिजलेला आणि चाकाची कड मात्र कोरी, असं आपोआप होत नाही. खोका आणि कागदी लेबलं अंधारात अल्ट्राव्हायोलेट टॉर्चखाली धरा. साधारण १९५० नंतरच्या बऱ्याच कागदांत चमक आणणारी रसायनं असतात, ती निळसर उजळतात. युद्धापूर्वीचा म्हणून दिलेला खोका असा उजळला, तर तो परत करा. पण उजळला नाही म्हणून तो जुनाच, असंही समजू नका. ही चाचणी खोटं पकडते, खऱ्याचा दाखला देत नाही.

सगळ्यात फसवं प्रकरण चाकांचं आहे. युद्धापूर्वीची बरीच चाकं जस्ताच्या मिश्रधातूची ओतीव असत. त्यात शिसं मिसळलेलं राहिलं, तर धातू आतून कुजतो. चाक फुगतं, तडकतं आणि एक दिवस बोटांत भुगा होतो. म्हणजे हात न लावलेलं इंजिन धावू शकत नाही आणि धावणाऱ्या इंजिनाची चाकं बहुधा बदललेली असतात. तरीही जाहिरातीत ‘शंभर टक्के ओरिजिनल, उत्तम चालू स्थितीत’ असं एका दमात लिहिलेलं सापडतं. ते वाचताना माझा हात टॉर्चकडे नाही, पाकिटाकडे जातो. ते घट्ट धरायला.

माझ्याकडे चावीचं एक इंजिन आहे. त्याची मागची दोन चाकं पितळेची, लेथवर कातलेली. हॉर्नबीनं तशी चाकं कधी दिली नव्हती. कुणा मिस्त्रीनं जुनं चाक फुटल्यावर माप घेऊन, कड काढून, ती बसवली. अजून चालतात. एका व्यापाऱ्यानं मला सुचवलं की ही घाण काढून टाका, इंग्लंडहून नव्यानं बनवलेली हुबेहूब चाकं मागवा, गाडी ओरिजिनल होईल, भाव दुप्पट येईल.

आता यातलं खोटं चाक कुठलं? पितळेचं चाक उघड सांगतं की मी नंतरचं आहे, मला इथल्या माणसानं बनवलंय. मागवलेलं चाक काल बनलंय आणि १९३० सालचं असल्याचं सोंग घेतंय. तरी पहिलं ‘घाण’ आणि दुसरं ‘ओरिजिनल’! आमच्या धंद्यात जुन्या कमिटचा इतिहास खोडून सगळं पहिल्यापासून नीटच होतं असं दाखवणाऱ्याला टीममध्ये कुणी शाबासकी देत नाही. इथे त्याच कामाला ‘रिस्टोरेशन’ म्हणतात आणि वर पैसे घेतात.

मोठ्या गाड्यांच्या बाबतीत आपल्याला हे मान्य असतं. आपल्याच जिल्ह्यातल्या कारंज्यावरून पूर्वी जाणारी शकुंतला घ्या. १९२१ साली मँचेस्टरमध्ये बनलेलं तिचं वाफेचं इंजिन १९२३ पासून १५ एप्रिल १९९४पर्यंत धावलं. सत्तर वर्षं धावणाऱ्या इंजिनाच्या बॉयलरच्या नळ्या, बेअरिंगा, ब्रेकचे ठोकळे, चाकांवरच्या पोलादी धावा बदलाव्याच लागतात. ते करणाऱ्या कामगारांच्या हातांमुळे शकुंतला खोटी झाली, असं वऱ्हाडात म्हणून दाखवा. पुण्यात भाऊसाहेब जोशींनी उभारलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय १९९८ साली खुलं झालं. तिथे लोक हातानं घडवलेलं, चालणारं काम बघायलाच जातात. मग खेळण्यातल्या इंजिनाला पितळेचं चाक बसवणारा मिस्त्री तेवढा गुन्हेगार कसा?

“खुणा ठेवल्या, बदल लिहिले, तर भाव पडतो,” हा नेहमीचा आक्षेप. पडू दे. जो भाव माहिती लपवल्यावरच टिकतो, तो गाडीचा नव्हे, गप्प बसण्याचा भाव आहे. अमेरिकेत १९५४ साली स्थापन झालेल्या ट्रेन कलेक्टर्स असोसिएशनची सी-१ ते सी-१० अशी श्रेणी प्रसिद्ध आहे. ती गाडीची अवस्था सांगते. तिचे भाग कुठून आले, हा वेगळा प्रश्न आहे आणि तो वेगळाच विचारायला हवा. चकचकीत म्हणजे अस्सल नव्हे.

तुमच्या हातातल्या फोनचंच बघा. आयफोनचा डिस्प्ले किंवा बॅटरी बदलली की सेटिंगमध्ये त्याची नोंद दिसते. सेकंडहँड फोन घेताना तुम्ही ती उघडून बघताच. पंधरा हजारांच्या फोनला हा प्रश्न विचारणारे आपण पंचवीस हजारांच्या पत्र्याच्या इंजिनापुढे मुके का होतो?

म्हणून विकणाऱ्यांकडे माझ्या तीन मागण्या आहेत. ‘ओरिजिनल’ एवढंच लिहू नका. भागांची यादी द्या आणि प्रत्येकापुढे आमच्या पार्टवाल्याचे शब्द लिहा: कंपनीचा, काढलेला, लोकल. माहीत नसेल तर ‘माहीत नाही’ लिहा, त्यानं कुणी मरत नाही. नव्यानं बनवलेल्या भागाच्या आतल्या बाजूला कायमची खूण करा. आणि काढलेला जुना भाग, मग तो कुजकं चाक का असेना, चिठ्ठी लावून गाडीबरोबर द्या.

घेणाऱ्यांनी एवढंच करावं: यादी नसेल तर पैसे देऊ नयेत. आणि एखाद्या इंजिनाखाली अनोळखी हातानं कातलेलं पितळेचं चाक दिसलं, तर ते काढून टाकण्याआधी चालवून बघावं.