दाराचे वीजबिल

मुकुटबनला ऊर्जेचा हिशेब नवा नाही. झरी-जामणी तालुक्यातले हे गाव चुनखडीच्या पट्ट्यात वसलेले आहे, आणि जवळच वणीच्या कोळसा खाणी आहेत. 2022 पासून येथे बिर्ला कॉर्पोरेशनच्या उपकंपनीचा वर्षाला 39 लाख टन क्षमतेचा सिमेंट कारखाना चालतो. आजच्या सिमेंट उद्योगात भट्टीतून सुटणाऱ्या गरम वायूंपासूनही वीज काढली जाते, कारण वाया जाणारी उष्णता म्हणजे वाया जाणारा पैसा. मात्र अशा गावांतल्या बाजारपेठेत मे महिन्याच्या दुपारी उलटा कारभार पाहायला मिळतो. बँकेत, औषधाच्या दुकानात, खासगी दवाखान्यात एसी जोरात चालू असतो आणि ये-जा सोपी व्हावी म्हणून काचेच्या दाराला वीट लावून ठेवलेली असते.

त्या विटेची किंमत किती, याचा हिशेब मांडता येतो. थंड हवा जड असते. दार उघडे राहिले की ती खालच्या अर्ध्या भागातून बाहेर वाहते आणि वरच्या अर्ध्या भागातून तेवढीच गरम हवा आत शिरते. त्यासाठी वाऱ्याची झुळूकही लागत नाही. दार एक मीटर रुंद आणि दोन मीटरपेक्षा थोडे उंच, बाहेर 44 अंश आणि आत 26 अंश राखायचे, असे धरले तर साध्या सूत्राने या वाटेने सुमारे 9 किलोवॅट उष्णता आत येते. एक टनाचा एसी साडेतीन किलोवॅट उष्णता बाहेर टाकतो. म्हणजे केवळ दाराशी झुंजायला अडीच टनांहून अधिक क्षमता हवी. भिंती, छत, माणसे आणि संगणक यांची उष्णता अजून मोजलेलीच नाही. मग ‘एसी गार करत नाही’ अशी तक्रार होते आणि रिमोटवर 18 आकडा लावला जातो. त्याने खोली लवकर थंड होत नाही, कॉम्प्रेसर मात्र थांबायचे विसरतो.

मोठ्या शहरांनी या गळतीवर शोधलेला उपाय म्हणजे फिरते दार. फिलाडेल्फियाच्या थिओफिलस व्हॅन केनेल यांनी 1888 मध्ये त्याचे पेटंट घेतले. नळकांड्यासारख्या कोठडीत तीन-चार पाती, कडांना घट्ट बसणारी पट्टी. माणूस आत जातो, पण बाहेरची आणि आतली हवा यांच्यात सरळ वाट कधीच खुली होत नाही. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील विद्यार्थ्यांनी 2006 मध्ये मोजले तेव्हा साध्या झुलत्या दारातून फिरत्या दाराच्या सुमारे आठपट हवा शिरते, असे आढळले. गंमत अशी, की तिथल्या एका इमारतीत जेमतेम 23 टक्के लोक फिरते दार वापरत होते. बाकीच्यांना शेजारचे साधे दार ढकलणे सोयीचे वाटत होते. वीट लावण्याची वृत्ती काही विदर्भापुरती नाही.

तरीही मुकुटबनला फिरते दार नको. ते महाग आहे, त्याची देखभाल किचकट आहे आणि चाकाची खुर्ची किंवा स्ट्रेचर त्यातून जात नाही. धोकाही आहे. बोस्टनच्या कोकोनट ग्रोव्ह या नाइटक्लबला 28 नोव्हेंबर 1942 रोजी आग लागली, तेव्हा पळणाऱ्या गर्दीने मुख्य फिरते दार जाम झाले. त्या रात्रीच्या आगीत 492 जणांचा बळी गेला. अशा दाराशेजारी बाहेर उघडणारी साधी दारे असलीच पाहिजेत, हा नियम त्यानंतर आला.

घ्यायचे आहे ते त्यामागचे तत्त्व, आणि ते आपल्याकडच्या जुन्या वाड्यांना ठाऊक होते. मोठ्या दरवाजातली छोटी दिंडी, तिच्यामागे अंधारी देवडी आणि मग चौक. देवडी पहाऱ्यासाठी होती हे खरे, पण उन्हाची झळ थेट घरात न येऊ देण्याचे कामही ती करत असे. आजच्या इमारतीत त्याचे रूप एवढेच: एकाऐवजी दोन दारे, मध्ये छोटी मोकळी जागा आणि दोन्ही दारांना आपोआप बंद करणारा डोअर क्लोजर. जिथे जागाच नाही तिथे शीतगृहात लावतात तसे प्लॅस्टिकच्या जाड पट्ट्यांचे पडदेही बरेच काम करतात. औषधाच्या दुकानाने तर हे आधी करावे. ‘30 अंशांखाली ठेवा’ असे पाकिटावर छापलेली गोळी उघड्या दाराजवळच्या फळीवर दिवसभर भाजत असेल, तर एसीचे बिल भरून काय मिळवले?

मात्र ‘दार बंद ठेवा’ हा नियम कूलरला लावला तर घात होईल. विदर्भातला खरा गारवा अजून कूलरचाच आहे. तो बाहेरची कोरडी हवा पाण्यातून ओढून आत सोडतो, आणि तेवढीच हवा बाहेर जायला वाट लागते. दारे-खिडक्या बंद केल्या की खोलीत दमटपणा साठतो आणि घाम वाळत नाही. घाम वाळला नाही तर शरीराची स्वतःला थंड ठेवण्याची मुख्य यंत्रणाच बंद पडते. उन्हाळ्यात ग्रामीण रुग्णालयांत उष्माघात कक्ष उघडले जातात. तिथे कूलर असेल तर त्याच्या समोरची खिडकी उघडी हवी, एसी असेल तर दार मिटलेले हवे. दोन्ही यंत्रे एकाच खोलीत लावून दार अर्धवट ठेवण्याचा प्रकार सर्वांत वाईट. बाह्यरुग्ण विभागाचा प्रश्न आणखी वेगळा. क्षयरोगासारखे आजार हवेतून पसरतात, त्यामुळे खोकणाऱ्या रुग्णांची रांग बंद एसी दालनात बसवण्यापेक्षा मोकळ्या, सावलीच्या व्हरांड्यात बसवणेच योग्य.

देशाच्या ऊर्जा संवर्धन इमारत संहितेचा रोख 100 किलोवॅट आणि त्याहून मोठ्या वीजजोडणीच्या व्यापारी इमारतींवर आहे. तालुक्याच्या गावातली बँक शाखा किंवा छोटा दवाखाना त्या चाळणीतून सहज निसटतो. म्हणून हे काम स्थानिक पातळीवर, अंदाजपत्रक तयार होतानाच व्हायला हवे. एसी बसणार असलेल्या प्रत्येक नव्या सार्वजनिक इमारतीच्या नकाशात सार्वजनिक बांधकाम विभागाने व जिल्हा परिषदेने देवडी दाखवावी. अमेरिकी मानक अशा दोन दारांत किमान 7 फूट अंतर मागते. पहिले दार मिटल्यावरच दुसरे उघडावे, यासाठी ते अंतर आहे. दवाखान्यात ते स्ट्रेचर मावेल इतके वाढवावे लागेल, आणि दोन्ही दारे आगीच्या वेळी बाहेरच्या दिशेने उघडतील अशीच बसवावी लागतील.