झिंगा सफाई कामगार नव्हे

मत्स्यालयाच्या दुकानात ‘क्लीनर’ नावाची एक जात असते. ती कोणत्याही प्राणिशास्त्राच्या पुस्तकात सापडणार नाही. काचेला तोंड चिकटवणारा मासा, गोगलगाय आणि गोड्या पाण्यातला बोटाच्या पेराएवढा झिंगा अशा, एकमेकांशी काडीचाही संबंध नसलेल्या जिवांची ही जात. ‘चारसहा झिंगे सोडा, टाकी स्वच्छ राहील’ हे वाक्य पुण्यामुंबईच्या दुकानांत जसे ऐकू येते तसेच आता पुसदसारख्या तालुक्याच्या गावीही ऐकू येते. हे वाक्य खोटे आहे, असे माझे पहिले म्हणणे. आणि हे खोटे आपल्या समाजाच्या एका फार जुन्या सवयीतून जन्मलेले आहे, हे दुसरे.

मराठी शिकवणाऱ्याने झिंग्यांच्या भानगडीत का पडावे, असा प्रश्न काहींना पडेल. आपण वर्गात वर्षानुवर्षे सांगत आलो की भाषा वास्तवाला नुसती नावे देत नाही, त्या वास्तवाशी आपण कसे वागायचे हेही ती ठरवते. हे विधान परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत दहा गुणांना लिहून घ्यायचे आणि दिवाणखान्यातल्या काचेच्या पेटीपाशी आल्यावर विसरायचे, हा दुटप्पीपणा झाला. प्राचार्यांच्या दालनात, दवाखान्यात, सोनाराच्या दुकानात आज काचेची टाकी असते. तिच्याभोवती जी भाषा बोलली जाते तीही मराठीच आहे, आणि तिची समीक्षा करणे हेही आपलेच काम आहे.

आधी वस्तुस्थिती पाहू. बाजारात ‘रेड चेरी’ म्हणून मिळणारा झिंगा हा निओकॅरिडिना डेव्हिडी या जातीचा. मूळचा पूर्व आशियातला, निसर्गात मातकट, जवळजवळ पारदर्शक रंगाचा. त्याचा लाल रंग माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवड करून आणलेला. लांबी दोनतीन सेंटिमीटर, आयुष्य वर्ष-दीड वर्षाचे. मादी वीसतीस अंडी पोटाखालच्या पायांत धरून वागवते, त्यांना सतत पाण्याचा वारा घालते, आणि तीनचार आठवड्यांनी त्यांतून थेट आईबापांच्याच रूपाची नखाएवढीही नसलेली पिल्ले बाहेर पडतात. हा जीव दिवसभर काहीतरी टिपत असतो हे खरे. पण तो टिपतो ते दगडावरचे, पानावरचे बारीक शेवाळ आणि डोळ्यांना न दिसणारा जिवाणूंचा थर. माशांची विष्ठा तो खात नाही. माशांना आपण घातलेले जादा अन्न त्याने थोडेबहुत खाल्ले तरी त्याचीही विष्ठा शेवटी त्याच पाण्यात पडते. टाकीतली खरी घाण म्हणजे विष्ठेतून व कुजलेल्या अन्नातून सुटणारा अमोनिया. त्याचे आधी नायट्राइट व मग तुलनेने निरुपद्रवी नायट्रेट करण्याचे काम जिवाणूंच्या वसाहती करतात. या वसाहती फिल्टरच्या स्पंजात आणि तळाच्या वाळूत वाढतात, आणि त्यांना नव्या टाकीत स्थिरावायला चार ते सहा आठवडे लागतात. उरलेले नायट्रेट पाणी बदलून बाहेर काढावे लागते. ते काम टाकीच्या मालकाचे असते.

आता विसंगती पाहा. अमोनिया आणि नायट्राइट यांचा त्रास टाकीतल्या ज्या जिवांना सर्वांत आधी होतो, त्यांत झिंगा अग्रभागी आहे. म्हणजे घाणीत जो पहिला मरतो त्यालाच घाण काढण्यासाठी आत सोडले जाते. नवी टाकी आज भरली, उद्या मासे आणले, परवा पाणी गढूळ झाले म्हणून तेरवा झिंगे आणले. आठवडाभरात ते मेले. दुकानदार म्हणतो, ‘नाजूक असतात हो, आणखी घेऊन जा.’ मेलेल्यांच्या जागी नवे भरती करायचे आणि घाण का झाली हे विचारायचे नाही, ही रीत आपल्याला कुठेतरी ओळखीची वाटायला हवी.

ही ‘क्लीनर’ पदवी झिंग्याला मिळाली कशी, याचाही इतिहास आहे. ताकाशी अमानो (१९५४-२०१५) हे जपानी छायाचित्रकार व मत्स्यालयकार. पाणवनस्पतींच्या टाक्यांना त्यांनी कलेचा दर्जा मिळवून दिला. आपल्या टाक्यांतले शेवाळ आटोक्यात राहावे म्हणून त्यांनी १९८०च्या दशकात एका जपानी झिंग्याचा वापर सुरू केला. त्या झिंग्याचे जपानी नाव ‘यामातो नुमा एबी’, म्हणजे यामातोच्या दलदलीतला झिंगा. या नावात प्रदेश आहे, पाणी आहे, वस्ती आहे. जगाच्या बाजारात गेल्यावर तो झाला ‘अमानो झिंगा’ किंवा नुसताच ‘शेवाळखाऊ’. नावातून गाव गेले आणि मालक व काम एवढेच उरले. इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटावरच्या मातानो सरोवरात राहणाऱ्या, तांबड्या अंगावर पांढरे ठिपके असलेल्या एका चिमुकल्या झिंग्याचे शास्त्रीय नावच २००९ साली ‘कॅरिडिना डेनेर्ली’ ठेवले गेले. डेनेर्ले ही मत्स्यालयाचे सामान बनवणारी जर्मन कंपनी. नावांचे राजकारण शिकवण्यासाठी याहून सोपा उतारा मिळणार नाही.

आपल्याकडे मात्र ‘क्लीनर’ हा शब्द आला तेव्हा तो रिकाम्या जमिनीवर पडला नाही. घाण करणारे वेगळे, ती उपसणारे वेगळे, आणि उपसणाऱ्यांचे ते स्वभावसिद्ध कर्तव्य, ही मांडणी इथे तयारच होती. डॉ. आंबेडकरांनी १९३६ साली ‘अॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये श्रमांची विभागणी आणि श्रमिकांची विभागणी यांत जो भेद केला, तो आपण अभ्यासक्रमात वाचतो. हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेविरुद्ध १९९३ साली कायदा झाला, तो अपुरा पडला म्हणून २०१३ साली दुसरा झाला. गटारात गुदमरून माणसे मरण्याच्या बातम्या त्यानंतरही येत राहिल्या. माणूस आणि झिंगा यांची मी तुलना करतो आहे, असा कांगावा कृपा करून कोणी करू नये. तुलना दोघांची नाही. दोघांकडे पाहणाऱ्या एकाच नजरेची आहे. ‘ते त्यांचे कामच आहे’ या वाक्याने प्रश्न मिटतो असे ज्या समाजाला वाटते, त्याला काचेच्या पेटीतही प्रश्न दिसत नाही.

यावर ठरलेला आक्षेप असा की हे नुसते लाक्षणिक बोलणे आहे, त्यावर इतके रणकंदन कशाला? साहित्याच्या माणसाने तरी ‘नुसते लाक्षणिक’ असे म्हणू नये. लक्षणेचा परिणाम मोजता येतो. ज्याला ‘क्लीनर’ म्हटले त्याला वेगळे अन्न घालायचे कोणाला सुचत नाही, कारण तो ‘उरलेले खातो’. त्यामुळे चकचकीत नव्या टाकीत, जिथे शेवाळाचा मागमूस नसतो, तिथे तो उपाशी मरतो. ज्याला ‘निसर्गातला झिंगा’ म्हटले त्याच्यासाठी उकडलेल्या पालकाचे पान टाकले जाते, शेवाळी वाढवली जाते, लपायला जागा केली जाते. शब्द बदलला की ताट बदलते.

दुसरा फसवा शब्द ‘कम्युनिटी’. निरनिराळ्या जातींचे जीव एकत्र ठेवलेल्या टाकीला ‘कम्युनिटी टँक’ म्हणतात, आणि हा शब्द उच्चारताना शौकिनांचा चेहरा सर्वोदयी होतो. प्रत्यक्षात एंजल मासा झिंग्याला भाजीवाल्याकडच्या शेंगेसारखा उचलतो. गुरामी त्याचे पाय तोडतो. आपल्या आरोग्य खात्याने डासांच्या अळ्या खायला विहिरीडबक्यांत सोडलेला, सर्वांच्या परिचयाचा गरीब गप्पीसुद्धा झिंग्याची पिल्ले एकेक करून संपवतो. झिंगा दर काही आठवड्यांनी कात टाकतो. नवे कवच कडक होईपर्यंत त्याला कुठेतरी दडून बसावे लागते. लपायला जागा नसलेल्या टाकीत ही वेळ म्हणजे मरणाची. पण झिंगा ओरडत नाही. तो पानामागे जातो आणि एके दिवशी दिसेनासा होतो. आणि मालक सांगतो, ‘आमच्याकडे सगळे गुण्यागोविंदाने राहतात.’ दुबळ्याच्या गप्प बसण्याला सलोखा म्हणायचे, ही आपली आवडती समरसता. खरा सहवास हवा असेल तर झिंगे आधी वसवावेत, दाट शेवाळीत त्यांची पैदास होऊ द्यावी, आणि मग ज्यांच्या तोंडात झिंगा मावत नाही असे एखाददुसरे बारीक मासे आणावेत. म्हणजे टाकीचा आराखडा सर्वांत दुबळ्याकडे पाहून आखावा. याहून वेगळा सहवास हा शिकारखाना होय.

तिसरा शब्द ‘शुद्ध’. आपल्या घरांत आता पाणी शुद्ध करणारी आरओ यंत्रे आली. ‘आम्ही पितो तेच शुद्ध पाणी त्यांनाही घालतो’ असे प्रेमाने सांगणारे भेटतात. आरओ यंत्र पाण्यातले बहुतेक सगळे विरघळलेले क्षार काढून टाकते, आणि कवच बांधायला झिंग्याला नेमके त्यांतले कॅल्शियम व मॅग्नेशियम हवे असतात. क्षारहीन पाण्यात जुने कवच नीट सुटत नाही, नवे नीट बनत नाही, आणि तो अर्ध्या कातीत अडकून मरतो. दख्खनच्या काळ्या पाषाणातून येणारे बोअरचे जड पाणी, ज्याने आपल्या बादल्यांवर पांढरे डाग पडतात, ते या लाल झिंग्याला बहुधा मानवते. नळाच्या पाण्यातला क्लोरीन मात्र आधी घालवावा लागतो. शुद्धतेचे वेड जीव घेते, हे भाषेच्या बाबतीत आपण अनेकदा लिहिले. इथे ते अक्षरशः घडते.

आणि आता आपल्या जिल्ह्याची गोष्ट. झिंगा हा संधिपाद प्राणी, कीटकांचा दूरचा भाऊबंद. कीटकांच्या मज्जासंस्थेवर घाव घालणारे विष त्याच्याही मज्जासंस्थेवर घाव घालते, तेही अत्यल्प मात्रेत. डासांची वडी, भिंतीला लावायचे औषध, झुरळांचा फवारा, फवारणी झालेल्या भाजीचे नीट न धुतलेले पान, यांतले काहीही टाकीभर झिंगे एका रात्रीत मारू शकते. माशांच्या रोगावरच्या कित्येक औषधांत तांबे असते, तेही त्याला विषच. कापसाच्या या जिल्ह्यात २०१७ साली फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी व शेतमजूर मरण पावले, शेकडो रुग्णालयांत गेले. तेव्हाही प्रथम हेच बोलले गेले की त्यांनी काळजी घेतली नाही, तोंडाला फडके बांधले नाही. मरणाऱ्यावरच मरणाचा ठपका ठेवणारी ही भाषा. ज्या शेतांवर ती फवारणी होते त्यांचे पाणी शेवटी पूस, पैनगंगा, वर्धा, प्राणहिता या वाटेने गोदावरीत जाते. तिथेही झिंगे राहतात, आणि त्यांना मरताना पाहायला काच नसते. घरातला झिंगा मेला तर तो ‘नाजूक’ होता असे म्हणण्याआधी आपल्या हवेत आणि पाण्यात काय आहे हे विचारावे. तो नाजूक नाही, तो साक्षीदार आहे.

शेवटचा आक्षेप: झिंगे खाणाऱ्यांच्या देशात झिंग्यांचा कळवळा कशाला? जो झिंगा खातो तो त्याला अन्न म्हणतो, आणि निदान खोटे बोलत नाही. आठवडी बाजारात सुकटीचे वाटे मांडणारी बाई ‘हे तुमचे घर स्वच्छ करतील’ असे कधी सांगत नाही. आपल्या १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात ‘प्राणी’ या शब्दाची व्याख्या माणसाखेरीज कोणताही सजीव अशी आहे. तिच्यात झिंगा बसतो. ब्रिटनने २०२२च्या कायद्यात झिंगे-खेकड्यांना संवेदनशील प्राणी म्हणून नावानिशी मान्यता दिली. आणि आपण? आपल्याकडे टाकीतला जीव मेला की ‘घरावरचे संकट त्याने स्वतःवर घेतले’ असे वास्तुशास्त्राच्या आधाराने सांगून नवा आणला जातो. जिवंत असताना सफाईवाला, मेल्यावर बळी. मधल्या आयुष्यात तो कोण होता, हे विचारायला कोणाला सवड नाही.

झिंगे पाळू नयेत, असे मी म्हणत नाही. पाळावेत, आणि नीट पाहावेत. टाकी दीड महिना आधी चालू करावी. विदर्भाच्या उन्हाळ्यात पाणी तिशीच्या वर गेले की त्यातला प्राणवायू घटतो, म्हणून ती सावलीत ठेवावी, पंखा लावावा, वीज जाईल हे गृहीत धरावे. आठवड्याला थोडे पाणी आपल्या हाताने बदलावे. टाकीतली घाण आपली आहे, कारण टाकी आपण मांडली आणि अन्न आपण घातले. ती उपसायची बादली आपल्याच हातात असली पाहिजे. आणि तोवर, पुढच्या वेळी दुकानात ‘क्लीनर आहेत का?’ असे विचारण्याऐवजी ‘झिंगे आहेत का?’ एवढे तरी आपण, मराठीच्या माणसांनी, विचारावे.