पालकांना चिठ्ठी नको, मत हवे

दिल्लीच्या आर. के. पुरममधल्या एकाच सरकारी वसाहतीतून सकाळी निघणारी मुले वेगवेगळ्या धन्यांच्या शाळांत शिरतात. केंद्रीय विद्यालयाची सूत्रे शहीद जीत सिंग मार्गावरच्या केंद्रीय विद्यालय संघटनाच्या मुख्यालयातून हलतात. सर्वोदय विद्यालय दिल्ली सरकारचे, प्राथमिक शाळा महापालिकेची आणि खासगी शाळा संस्थाचालकांची. नागपूर-पुण्याहून बदली होऊन आलेल्या मराठी कुटुंबाला या शाळांतली फी आणि निकाल लगेच कळतात. शाळेच्या कारभारात आपल्याला किती अधिकार आहे, हे मात्र कोणी सांगत नाही.

तो अधिकार शाळेगणिक बदलतो. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 21 नुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश पालक हवेत आणि निम्म्या सदस्य महिला हव्यात. दिल्ली सरकारच्या शाळेत 16 जणांच्या समितीत 12 पालक असतात आणि ते निवडून येतात. झोपडीत राहणारी, घरकाम करणारी आईसुद्धा तिथे मतदार असते, उमेदवारही होऊ शकते.

विनाअनुदानित खासगी शाळांना मात्र हे कलम लागूच नाही.

ऑगस्ट 2025 मध्ये दिल्ली विधानसभेने फी नियमनाचा कायदा संमत केला. शाळा पातळीवरच्या फी समितीत त्याने पाच पालकांना जागा दिली, पण ते पालक चिठ्ठ्या टाकून ठरतात. अध्यक्ष संस्थेचाच. तक्रार करायची तर बाधित पालकांपैकी किमान 15 टक्के पालक एकत्र यावे लागतात. कालपरवा बदलीवर आलेल्या माणसाने इतके पालक कुठून गोळा करायचे? सगळ्या पालकांची यादी तर शाळेच्या कपाटात असते.

महाराष्ट्राने हा अनुभव आधीच घेतला आहे. तिथल्या 2011 च्या फी कायद्यानेही पालक-शिक्षक संघाची कार्यकारी समिती चिठ्ठीवर सोपवली. पुढे 2018 च्या दुरुस्तीने तक्रारीसाठी 25 टक्के पालकांची अट घातली. एकट्या पालकाला दाद मागण्याची वाटच त्यामुळे अरुंद झाली. दिल्लीने नेमकी हीच वाट धरावी, हे संतापजनक आहे.

चिठ्ठीच्या बाजूने एक मुद्दा मांडला जातो आणि तो खोटा नाही: निवडणूक झाली की संस्थाचालक आपल्या मर्जीतली माणसे निवडून आणतात. त्यावर उपाय आहे गुप्त मतदान आणि तेही शिक्षण संचालनालयाच्या देखरेखीखाली. चिठ्ठीतून आलेला सदस्य कोणाचा प्रतिनिधी? त्याने हिशेबाच्या वह्या न बघता सही केली तर इतर पालकांनी त्याला कोणत्या तोंडाने जाब विचारायचा? निवडून आलेल्याला पुढच्या वेळी मत मागायला शाळेच्याच फाटकाशी उभे राहावे लागते.

पालकांच्या मतदानाचे उदाहरण न्यूझीलंडचे: त्या देशाने 1989 मध्ये सरकारी शाळांचा कारभार शाळानिहाय मंडळांकडे दिला. पालक आपले प्रतिनिधी मतदानाने निवडतात आणि मुख्याध्यापकाची नेमणूकही ते मंडळच करते. तिथेही श्रीमंत वस्तीतल्या मंडळांना वकील, हिशेबनीस सहज मिळतात आणि गरीब वस्तीतल्यांना मिळत नाहीत, ही उणीव दिसली. म्हणून दिल्लीत नुसते मत पुरणार नाही. सदस्यांना ताळेबंद वाचायचे प्रशिक्षणही लागेल.

खासगी शाळेच्या कारभारात बाहेरच्यांनी का डोकावावे, असे कोणी विचारील. दिल्लीतल्या अनेक खासगी शाळा दिल्ली विकास प्राधिकरणाने सवलतीत दिलेल्या जमिनीवर उभ्या आहेत. अशा शाळांनी जमीनवाटपाच्या अटी पाळल्याच पाहिजेत, असे सर्वोच्च न्यायालयाने 2004 मध्ये मॉडर्न स्कूल खटल्यात बजावले. संचालनालयाच्या पूर्वपरवानगीशिवाय फी वाढवायची नाही, ही अशा वाटपातलीच एक अट. जमीन जनतेची आहे आणि फी भरणारा पालक बाहेरचा नाही.

म्हणून मागणी अशी: फी समितीतले पालक गुप्त मतदानाने निवडावेत, एकट्या पालकाची तक्रारही नोंदवून घ्यावी, शाळेचा लेखापरीक्षित ताळेबंद फीवाढीच्या प्रस्तावासोबत प्रत्येक पालकाला द्यावा आणि सार्वजनिक जमिनीवरच्या प्रत्येक खासगी शाळेला कलम 21 लागू करावे. यातली शेवटची मागणी संसदेकडे आहे, बाकीच्या दिल्ली विधानसभेकडे. आर. के. पुरमच्या आमदाराकडे त्या लेखी द्याव्यात आणि पोचपावती घ्यावी.