वय विचारू नका, बुश बघा

मागच्या शनिवारी पुण्याहून सोनईला मामांकडे गेलो होतो. कारण ऐकाल तर हसाल. त्यांच्या १९८६ च्या प्रीमियर पद्मिनीच्या स्टॅबिलायझर रॉडचे रबरी बुश बदलायला! आता पद्मिनी म्हणजे काही स्पोर्ट्स कार नव्हे, मान्य. पण कॉलेजात असताना राहुरी रस्त्यावर जी पहिल्यांदा पळवली, ती कुर्ल्यात बनलेली १०८९ सीसीची फियाटच आपली फेरारी.

खरं प्रकरण गंभीर होतं. आरसीचं नूतनीकरण तोंडावर आलंय आणि मामांनी भंगारवाल्याशी बोलणी सुरू केलीत. "चाळीस वर्षांची झाली रे. वळणावर झोकांड्या खाते. आता बास." म्हटलं, मामा थांबा, आधी खाली शिरून बघू.

हा रॉड पुढच्या दोन चाकांना जोडतो. वळणावर गाडी कलली की तो पिळला जातो आणि कलणं आवरतो. त्याला चासीला धरून ठेवतात ते बुश. रबर गेलं की रॉड आधी नुसताच हलतो, मग कामाला लागतो. तोवर गाडी झुकलेली असते, आणि खड्ड्यात टक-टक आवाज येतो तो वेगळाच.

गावातल्या मिस्त्रींनी बुश काढला तर तो फुगून लिबलिबीत झालेला. "हे कुणी बसवलं?" मीच, मागच्या दिवाळीत. सरकत नव्हता म्हणून इंजिन ऑइल लावलं होतं. मिस्त्री म्हणाले, "दादा, तेल शिंगणापूरला शनिदेवाला घालायचं, रबराला नाही." इंजिनिअरची पदवी गेली खड्ड्यात! खनिज तेलाने रबर फुगतं. साबणाचं पाणी लावायचं.

बाकी काम सोपं. दोन्ही पुढची चाकं एकदम उचलायची, म्हणजे रॉडला पीळ राहत नाही. जॅकच्या भरवशावर खाली शिरायचं नाही, स्टँड लावायचे. क्लॅम्प काढून रॉडवरचा गंज पॉलिश पेपरने घासायचा, नाहीतर तो नव्या रबराला खातो. बुश चढवून बोल्ट हातानेच लावायचे, आणि गाडी चाकांवर उतरवल्यावर शेवटचा पाना. दीड तास लागला. खर्च दोन पिझ्झांपेक्षा कमी. संध्याकाळी त्याच वळणावर गाडी गुमान वळली.

आता सांगा, म्हातारं काय झालं होतं? गाडी की रबराचा तुकडा?

पण आपल्याकडे सगळा हिशेब जन्मतारखेवर. मुंबईत टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा. २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून बाद झाली. तिचे बुश कसे होते हा प्रश्नच नाही. २० वर्षांवरच्या कारच्या नूतनीकरणाचं शुल्क ऑगस्ट २०२५ मध्ये ५ हजारांवरून १० हजार झालं. आणि २०२१ च्या नियमांप्रमाणे 'व्हिंटेज' म्हणून मान हवा असेल तर वय ५० च्या वर पाहिजे. म्हणजे चाळिशीतली गाडी ना तरुण, ना पूज्य. फक्त महाग.

यावर लोक म्हणतात, जुन्या गाड्या धूर सोडतात. सोडतात ना! कार्ब्युरेटरवाली, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नसलेली गाडी नवीपेक्षा जास्तच सोडते. मग धूर मोजा, ब्रेक तपासा, नापास झाली तर खुशाल काढा. मी स्वतः भंगारात पोचवीन. पण तपासणीत पास झालेल्या गाडीला वयाचा दंड कशासाठी? ऑफिसात वीस वर्षं जुना कोड आपण वाढदिवस बघून डिलीट करतो का? टेस्ट चालवतो, फेल झालं तेवढं बदलतो.

सरकारला शिव्या देणं सोपं आहे. आपण तरी काय वेगळं करतो? आवाज आला की गाडी 'एक्स्चेंज'ला आणि सात वर्षांचा नवा हप्ता. खाली वाकून बघायची तयारी नाही.

असो. मामांनी भंगारवाल्याला अजून 'नाही' कळवलेलं नाही. दहा हजारांचा विचार चाललाय. निम्मे मी देतो म्हटलंय. तेल लावल्याचं प्रायश्चित्त, दुसरं काय!