चावी कोणाच्या हाती?

फिनलंडमधील नोकिया कंपनीने नोव्हेंबर २००५ मध्ये ‘७७०’ हा इंटरनेट टॅब्लेट बाजारात आणला. सुमारे ४ इंचांचा पडदा, ६४ मेगाबाइट स्मृती, दूरध्वनीची सोय नाही. जाळ्याशी संबंध वाय-फाय वा ब्लूटूथद्वारे. बाजाराच्या मापाने तो दुबळाच होता. तरीही जाणकारांनी त्याला आपलेसे केले, कारण दूरच्या संगणकाची ताकद तो हाताशी आणून देत असे.

एसएसएच या पद्धतीत टॅब्लेटवर टंकलेली अक्षरे सांकेतिक रूपात दूरच्या संगणकाकडे जातात, काम तिथे होते आणि परत येतात ती केवळ उत्तराची अक्षरे. त्यामुळे तुटपुंजी स्मृती आड येत नसे. घरच्या संगणकावरील फाइल हलवणे, टपाल पाहणे, बंद पडलेला सर्व्हर पुन्हा चालू करणे ही नित्याची कामे बसल्या जागी उरकत. १९९५ साली हेलसिंकी तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यावर परवलीचे शब्द चोरले गेले, तेव्हा तातू इलोनेन यांनी ही पद्धत निर्माण केली आणि मोफत खुली केली. टॅब्लेटची माएमो प्रणाली ज्या लिनक्सवर उभी होती, तेही लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली हेलसिंकीत विद्यार्थी असतानाच सुरू केले होते.

आज टॅब्लेट कितीतरी समर्थ झाले आहेत आणि दूरस्थ संगणन घरोघरी पोहोचले आहे. पण तो दूरचा संगणक बहुतेकदा वापरणाऱ्याचा राहिलेला नाही. पत्रे, छायाचित्रे, हिशेब मूठभर कंपन्यांच्या कोठारांत आहेत. अटी त्यांच्या आणि दार बंद करण्याचा अधिकारही त्यांचाच. गूगलने १ जुलै २०१३ रोजी ‘रीडर’ ही सेवा बंद केली, तेव्हा वापरणाऱ्यांच्या विनंत्यांना किंमत उरली नाही. हातातल्या यंत्राचीही तीच गत. २०१० साली आलेल्या आयपॅडवर प्रोग्राम घालायचा तर तो ॲपलच्याच दुकानातून. युरोपीय संघाच्या कायद्याने ही मक्तेदारी तेथे २०२४ साली सैल करणे भाग पाडले.

यावर असे म्हटले जाईल की स्वतःचा संगणक रात्रंदिवस चालू ठेवणे सामान्य माणसाच्या आवाक्यातले नाही. ते खरेच आहे. जुन्या टॅब्लेटचे गोडवे गाण्यातही अर्थ नाही. त्याचे काही भाग बंदिस्तच होते, आणि २०११ साली नोकियाने मायक्रोसॉफ्टशी हातमिळवणी केल्यावर ती वाटच कंपनीने सोडून दिली. परंतु एकट्याला जे परवडत नाही ते सर्वांनी मिळून करावे, हाच सहकाराचा धडा आहे. विद्यापीठे, ग्रंथालये आणि सहकारी संस्था आपल्या सभासदांसाठी असे संगणक चालवू शकतात. त्यासाठी लागणारी आज्ञावली मोफत उपलब्ध आहे. नागरिकाला सोय हवी, हे मान्य. पण त्या सोयीच्या मोबदल्यात आपल्या कागदपत्रांची चावी कोणाच्या स्वाधीन करायची, हा निर्णय केवळ तंत्रज्ञांवर किंवा बाजारावर सोपवून चालणार नाही.