घोडा माणूस विसरत नाही



मार्गशीर्षात सारंगखेड्याच्या नाहीतर माळेगावच्या यात्रेतून आपल्यापैकी कोणी घोडी आणतो, कोणी ओझ्याचे तट्टू आणतो. दात पाहून वय ठरते, भोवरे पाहिले जातात, सौदा होतो. जनावर दारात येते आणि चार दिवसांत तक्रार सुरू होते, "घोडी जवळ येऊ देत नाही, लाथ झाडते." मग चाबूक निघतो. मेहनतीचा पैसा मातीत जातो तो इथेच.

घोडा माणूस ओळखतो. 2012 साली इंग्लंडमधील ससेक्स विद्यापीठात एक प्रयोग झाला. घोड्याच्या दोन बाजूंना ओळखीची दोन माणसे उभी केली आणि त्यांतल्या एकाचा आवाज ध्वनिवर्धकावरून ऐकवला. ज्याचा आवाज, त्याच्याकडेच घोडे लवकर वळून पाहू लागले. आवाज आणि चेहरा यांची जोडी त्यांच्या मनात पक्की असते. 2018 साली तेथील संशोधकांनी घोड्यांना माणसाचा रागावलेला फोटो दाखवला. काही तासांनी तोच माणूस साध्या चेहऱ्याने समोर आला, तरी घोडे त्याला डाव्या डोळ्याने जास्त न्याहाळू लागले. ज्याची धास्ती वाटते त्याच्याकडे घोडा बहुधा डाव्या डोळ्यानेच पाहतो. फ्रान्समध्ये 2020 साली तर सहा महिने न भेटलेल्या राखणदाराचा फोटोही घोड्यांनी ओळखला.

मग आपण काय करावे?

सौदा झाला की जुन्या मालकाला विचारा, जनावराला काय म्हणून हाक मारता? तेच नाव पुढे चालवा. पहिले काही दिवस चंदी, पाणी आणि खरारा एकाच माणसाच्या हातून होऊ द्या. घरधनीण पाणी दाखवत असेल तर तिच्या आवाजाला घोडी आधी कान टवकारील. त्यात नवल नाही.

जवळ जाताना आधी बोला, मग खांद्याच्या बाजूने जा. घोड्याला अगदी पाठीमागचे आणि कपाळासमोरचे दिसत नाही. मागून न बोलता गेलेल्या पोराला लाथ बसते, ती घोडीच्या खोडीने नव्हे, भीतीने. मुलांना हे आजच शिकवा.

सुई टोचली, जखम धुतली, की लगेच सोडून जाऊ नका. मूठभर भिजले हरभरे द्या, मानेवरून हात फिरवा. त्या माणसाची आठवण दुखण्यावर संपू नये.

आणि एक ध्यानात ठेवा. ओळखीच्या माणसालाच घोडी एकाएकी अंगाला हात लावू देईनाशी झाली, तर ती आपल्याला विसरली असे समजू नका. खोगिराखालची पाठ, खूर आणि दात पाहा. तिथे काही दुखत असेल. चाबूक खुंटीलाच राहू द्या आणि पशुवैद्यकीय दवाखाना गाठा.